तुम्ही विचारलंत म्हणून: त्याच्या नावाची मूठ

"सगळं तर देता त्याला, मग मधूनच असा तुटक का वागतो?" आमचा मुलगा दत्तक आहे हे ठाऊक असलेलं कुणी ना कुणी हे विचारतंच. तुम्हीही विचारलंत, म्हणून कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या, रोटांचं सांगते.

आम्ही अमळनेरकडचे. श्रावणात कानबाई बसते तेव्हा आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढून दळतात आणि त्या पिठाचे नैवेद्याचे रोट करतात. ते रोट भाऊबंदांनीच खायचे. त्या वर्षी तो 9 वर्षांचा होता. सासूबाई मुठी टाकत होत्या आणि हा चौकटीला टेकून बोटांवर मोजत होता. त्याचं नाव आलं, मूठ पडली. तरी जेवताना घास हातात तसाच धरून त्याने मला हळूच विचारलं, "मी खाल्ला तर कानबाई कोपेल का?" रोट रक्ताच्यांनीच खायचा, असं कुणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं. सासूबाईंनी ते ऐकलं. पुढच्या वर्षी गव्हाच्या पाटीपाशी बसताच मला म्हणाल्या, "पहिले तेना नावनी मूठ टाक."

शिशुगृहातून आमच्याकडे आला तेव्हा तो 14 महिन्यांचा होता. एवढ्याशा जिवाची तोवर दोन माणसं सुटली होती, जन्म देणारी आई आणि रोज न्हाऊमाखू घालणारी तिथली मावशी. त्याला यातलं काही आठवत नाही. पण मला यायला उशीर झाला की आजही तो पानावर बसत नाही. शाळेत वंशवृक्ष काढायला सांगितला, तो अख्खा आठवडा चिडचिडीत गेला. 'नशीब काढलंस पोरा' म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो. सतत उपकारच मानायचे, तर त्याने रडायचं कुठे?

'टाकून दिलं' हा शब्द आमच्या घरात चालत नाही. त्याच्या आईने कागदावर सही करून त्याला सोपवलं. फेरविचाराला तिच्याकडे 60 दिवस होते. हे सांगितलं तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "साठाव्या दिवशी ती आली होती का?" मला माहीत नव्हतं. तसंच सांगितलं.

आता तो 13 वर्षांचा आहे. आपलं मूळ शोधायचं तर 18 पूर्ण झाल्यावर 'कारा'कडे, म्हणजे दत्तक प्रक्रिया पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे, तो स्वतः विचारणा करू शकतो, त्याआधी आम्हा आईवडिलांसोबत. ही माहिती कागदावर लिहून मीच त्याच्या कपाटात ठेवली. परवा कपडे ठेवताना पाहिलं, कागदाची घडी बदलली होती. मी काही बोलले नाही. तो बोलेल तेव्हा मी त्याच्यासोबत जाईन.