९७ टक्क्यांवर अडलेला मिरर अखेर जुळला

एमडीस्टॅटमध्ये (लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडची, म्हणजे एमडीची, स्थिती दाखवणारी फाइल) शेजारी शेजारी दोन यू दिसले एकदाचे, म्हणजे मिररच्या दोन्ही डिस्क चालू! पण मागच्या वेळी ठरवलं होतं (न वाचता येणाऱ्या जागी शून्यं ठेवून पुढे जायचं) त्या वाटेने नाही. मिरर म्हणजे दोन डिस्कवर एकच डेटा, माझ्याकडे अ आणि ब. अ बाहेर पडली, म्हणून तिच्या जागी क घातली.

ब वरून क वर रिबिल्ड (सगळी प्रत नव्याने उतरवणं) ९७ टक्क्यांपाशी आपटायचा आणि ब डिस्कच गायब व्हायची. ती डेस्कटॉपवाली, ईआरसीच नाही (खराब जागेवर ठरावीक वेळात हार मानायची सोय). एका सेक्टरसाठी मिनिटभराहून जास्त स्वतःशीच झगडत बसते, कर्नल ३० सेकंदांत कंटाळून लिंक रीसेट करतो. कर्नलचा टाइमआउट १८० सेकंद केल्यावर निदान सरळ रीड एरर हातात आली. मिररसाठी डिस्क घेताना वेगाआधी ईआरसी आहे का ते बघा, हे माझं ठाम मत.

पेंडिंग सेक्टर (डिस्कला वाचता न आलेले तुकडे) ८. म्हणजे खरं तर एकच: आत ४०९६ बाइटचा, बाहेर ५१२ चे आठ. मिरर धडधाकट असता तर एमडीने दुसऱ्या डिस्कवरून वाचून तो जागीच परत लिहिला असता. रिबिल्डमध्ये दुसरी प्रतच नसते. माझ्या आरेत (डिस्कच्या या जोडीत) बॅड ब्लॉक लॉग बंद आहे, म्हणून रिबिल्ड तिथेच थांबतो. लॉग चालू असता तर ब्लॉक खराब म्हणून नोंदवून गुपचूप पुढे गेला असता. मला थांबणारा परवडतो.

मग आरे बंद करून डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कवरून जमेल तेवढं वाचणारं साधन) ब चा क्लोन क वर. आधी स्क्रेपिंगशिवाय (खराब जागा न खरवडता), मग रीट्राय, मग उलट दिशेने. बाकी सगळं आलं, ते ४०९६ बाइट काही केल्या येईनात. (साध्या डीडीला, चूक आली तरी पुढे जा सांगणारा, नोएरर देऊन हे करू नका. सोबत सिंक द्यायचं राहिलं की न वाचलेली जागा भरली जात नाही आणि पुढचा सगळा डेटा सरकतो.) तिथे शून्यं ठेवून एफएससीके (फाइल सिस्टिम तपासणारं साधन) चालवायचं ठरलं होतं.

तेवढ्यात अ आठवली. ती बाहेर पडली तेव्हा तिचा पेंडिंग शून्य होता, वाढत होता तो सीआरसी एररचा (डेटा वाटेत बिघडल्याच्या चुकांचा) आकडा, म्हणजे संशय केबलवर. पार्टिशन आणि डेटा ऑफसेट (त्यात डेटा कुठून सुरू होतो) ब सारखेच आहेत हे एमडीएडीएमच्या एक्झामिनमध्ये पाहिलं, केबल बदलली आणि तीच मॅपफाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) देऊन सोर्स म्हणून अ लावली. डीडीरेस्क्यूने फक्त राहिलेली फट वाचली. क्षणात काम!

पण अ शिळी. त्या जागी नंतर काही लिहिलं गेलं असेल तर? एलबीएमधून (खराब सेक्टरच्या क्रमांकातून) पार्टिशनची सुरुवात आणि डेटा ऑफसेट वजा केला, आठने भागलं, डीबगएफएसला आधी आयचेक मग एनचेक विचारलं (ब्लॉकवरून आयनोड, आयनोडवरून फाइलचं नाव). निघाली जुन्या संग्रहातली एक व्हिडिओ फाइल, अ पडण्याच्या कितीतरी आधीची. फाइलशेजारी आधी ठेवलेला एसएचए२५६ (फाइलचा ठसा) जुळला. त्या ओळीकडे मी जरा जास्तच वेळ बघत बसलो.

ब काढून ठेवली (क्लोनचा ओळख क्रमांक, यूयूआयडी, तोच, दोन्ही एकदम जोडणं नको), क एकटीवर आरे उभा केला आणि अ चा सुपरब्लॉक (आरेची जुनी नोंद) पुसून तिला नव्याने घातली. बिटमॅपवर (बदललेल्या जागांच्या नोंदीवर) विसंबलो नाही, सगळं लिहू दिलं.

ब भंगारात काढणार होतो. आता वाटतंय, दोन्ही प्रती ताडून बघणारा चेक नीट पार पडला की ती पूर्ण शून्यांनी लिहून बघावी. पेंडिंग उतरला आणि रीअलोकेटेड (बदली दिलेल्या सेक्टरचा आकडा) वाढला नाही, तर तिसरा मिरर म्हणून घालेन, नाहीतर नवीन घेईन. दोन डिस्कच्या मिररवर मात्र परत जाणार नाही. चेक सध्या चालू आहे, मिसमॅच अजून ०.