पळण्याची वही : सहावा आठवडा

या आठवड्यात पळण्याचे नवे इंग्रजी शब्द घेतले नाहीत. जुनी वाक्यंच काढून बसलो, कारण पाच आठवडे मी जिथे तिथे ‘रन अवे’ लिहून ठेवलं होतं. चोर असो, आरोपी असो, कुर्ली (खेकडा) असो, सगळ्यांना तेच. मराठीत आपण असं कुठे करतो? चोर पसार होतो, आरोपी फरार होतो, पाहुणा काढता पाय घेतो.

बोल्ट मला शेजारच्या बैलाने शिकवला. सोमवारी वाडीत वरात आली, फटाक्यांची माळ लागली आणि बैलाने दावं तोडलं. आई पडवीतून ओरडली, “उधळलो रे, बैल उधळलो!” रात्री वहीत ‘एस्केप्ड’ लिहिलं आणि तिथेच अडलो. एस्केप म्हणजे कोंडीतून सुटणं, ते चोरपावलांनीही होतं. बैल तर बिथरून एका झटक्यात सुसाट सुटला. बिथरलेल्या घोड्यासाठी इंग्रजीत बोल्ट वापरतात, आपल्या बैलालाही तोच चपखल बसतो. उधळणं म्हणजे बोल्ट, हे आता पक्कं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो फ्ली आणि एस्केप या जोडीने, आणि खाल्ला ते बरंच झालं. फ्ली म्हणजे संकट पाहून पळ काढणं. पळणारा वाचला की सापडला, हे तो शब्द सांगत नाही. एस्केप म्हटलं की सुटला. म्हणून १६६६ साली महाराज आग्र्याहून ‘एस्केप्ड’. तिथे कुणी ‘फ्लेड’ लिहिलं की मला मनापासून खटकतं. आपण ‘आग्र्याहून सुटका’ म्हणतो, ते उगाच नाही.

फ्रॉमकडेही लक्ष ठेवा. ‘एस्केप्ड फ्रॉम प्रिझन’ म्हणजे तुरुंगातून निसटला, पण ‘एस्केप्ड पनिशमेंट’ म्हणजे शिक्षा टळली, ती झालीच नाही. फ्लीला फ्रॉम नसला तरी चालतं: ‘फ्लेड द व्हिलेज’. आणि फ्लीचा भूतकाळ फ्लेड, फ्ल्यू हा फ्लायचा. ही गल्लत माझ्या वहीत तीनदा सापडली.

शनिवारी संध्याकाळी तारकर्लीच्या किनाऱ्यावर स्कटलसाठी मुद्दाम गेलो. ओहोटी लागली होती. वाळूच्याच रंगाची एक कुर्ली, डोळे काड्यांवर उभे केल्यासारखे. मी पाऊल टाकलं की ती तिरकी तुरुतुरु सरकायची. हाच स्कटल, बारीक पायांची घाईची चाल. (जहाज आपल्याच हातांनी बुडवण्यालाही स्कटलच म्हणतात. १९१९ साली स्कॉटलंडच्या स्कापा फ्लो या नाविक तळावर जर्मन खलाशांनी आपला ताफा असाच बुडवला.) उंदराला स्करी जास्त शोभतो. बिळाच्या तोंडाशी कुर्ली थांबली, मग सुर्रकन आत. तिथे मात्र स्कटल पुरेना, डार्ट लागला.

घरी येऊन जुनं वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं: ‘द क्रॅब स्कटल्ड साइडवेज, स्टॉप्ड, अँड डार्टेड इंटू इट्स होल.’