धूळ टिपायला हानलेला

महाराष्ट्रात आकाशाचे फोटो काढणाऱ्याचं वर्ष दिवाळीच्या सुमारास सुरू होतं आणि वळवाचे ढग जमायला लागले की संपतं. पुढचे चार महिने नुसता पाऊस. पंचाईत अशी, की वृश्चिक आणि धनू राशींचा पट्टा, म्हणजे आकाशगंगेचा सगळ्यात गजबजलेला भाग, नेमका याच महिन्यांत संध्याकाळपासून समोर असतो. मार्चमध्ये तो हवा तर पहाटे तीनला उठायचं, आणि सकाळी ऑफिस असतंच. त्यामुळे आपल्याकडच्या हौशी मंडळींच्या हार्ड डिस्क मृग आणि कृत्तिकांनी भरलेल्या असतात. लगून, ट्रायफिड, ईगल हे तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचे ढग, बहुतेक वेळा दुसऱ्यांच्या फोटोंत बघायचे.

तरी लडाखमधल्या हानलेला जायचं माझं खरं कारण होतं धूळ.

लाल तेजोमेघ शहरातल्या गच्चीवरूनही मिळतात. हायड्रोजन ६५६ नॅनोमीटरच्या एका ठरावीक लाल रंगात चमकतो, ऑक्सिजन ५०० च्या आसपास हिरवट निळ्यात. कॅमेऱ्यापुढे फक्त या दोन रंगांना वाट देणारा ड्युअल बँड फिल्टर लावला की रस्त्यावरच्या एलईडीचा बराचसा उजेड बाहेर राहतो. पुण्यातून असे सुंदर फोटो काढणारे लोक आहेत. पण कृत्तिकांभोवतीची निळी धूळ स्वतः चमकत नाही. ती शेजारच्या ताऱ्यांचा प्रकाश परावर्तित करते, आणि त्या प्रकाशात सगळेच रंग असतात. फिल्टर लावला की शहराच्या उजेडाबरोबर तीही जाते. तिच्यासाठी अंधारातच जावं लागतं. पेंचला २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, पण पावसाळ्यात तिथेही ढगच. लडाख मात्र हिमालयाच्या पलीकडे, पर्जन्यछायेत.

गणपती गेले आणि सर्वपित्री अमावस्या धरून आम्ही दोघं मित्र निघालो. "पितृपक्षात कुठे प्रवास करता?" हा प्रश्न घरून आलाच. काळोखी रात्र हवी तर अमावस्या धरावी लागते, हे आईला पटलं नाही, पण तिने दशम्या करून दिल्या.

सामान म्हणाल तर छोटी अपवर्तक दुर्बीण, कॅमेऱ्याला ताऱ्यांबरोबर फिरवणारा ट्रॅकर, तिपाई आणि आतला इन्फ्रारेड फिल्टर काढून घेतलेला डीएसएलआर. मूळ फिल्टर हायड्रोजनचा लाल रंग बराचसा अडवतो, म्हणून तो काढून घेतात. पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच न्यायच्या, आणि १०० वॉट-अवरच्या आतल्या घ्याव्यात, म्हणजे वाद होत नाहीत. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे आणि हानले साधारण ४,३०० वर, त्यामुळे लेहला आधी नीट विश्रांती घेतली. प्रीपेड सिम तिथे चालत नाही; मित्राचं पोस्टपेड होतं म्हणून घरी खुशाली कळवता आली.

लेहहून हानले सुमारे अडीचशे किलोमीटर. उपशी, चुमाथांग, माहे, न्योमा, लोमा असा रस्ता, आणि बहुतेक वाट सिंधूच्या काठाने. चुमाथांगला नदीकाठी गरम पाण्याचे झरे आहेत, तिथे नूडल्स खाल्ल्या. लोमाला परमिट दाखवून पूल ओलांडला की दरी रुंद होत जाते. कियांग, म्हणजे तिथली रानगाढवं, रस्त्याकडेने पळताना दिसतात. मधूनमधून बुलेटवाल्यांचे तांडे धूळ उडवत पुढे जातात. त्यांना उमलिंग ला गाठायचा असतो, ५,७९८ मीटरवरचा. ही धूळ मला अर्थातच नको होती.

दुपारी टेकडीवरची वेधशाळा पाहिली. टेकडीला आता सरस्वती पर्वत म्हणतात. तिथली दोन मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण बंगळुरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहाच्या दुव्यावरून चालवतात. शेजारी ग्रोथ-इंडिया ही आपोआप काम करणारी दुर्बीण आहे, त्यात आयआयटी मुंबईचा वाटा आहे. तिथे उभं राहून पवईच्या ट्रॅफिकची आठवण येणं जरा विचित्रच. खाली गावाजवळ गॅमा किरणांसाठीची मेस दुर्बीण, २१ मीटर व्यासाचा आरशांचा पसारा. वेधशाळा २००० सालापासून आहे, पण भोवतालचा हजारावर चौरस किलोमीटरचा पट्टा डार्क स्काय रिझर्व्ह म्हणून जाहीर झाला तो २०२२ च्या डिसेंबरात.

त्याचा अर्थ संध्याकाळी कळला. होमस्टेच्या मालकीण आमा-लेंनी दिवे लावायच्या आधी जाड पडदे ओढले. भारतीय खगोलभौतिकी संस्थेने गावातल्याच तरुण-तरुणींना शिकवून दुर्बिणी दिल्या आहेत, आणि पाहुण्यांना आकाश तेच दाखवतात. आमच्याकडे आलेली ताई आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण घेऊन आली. अंधार पडत असताना एक गाडी हाय बीम लावून वळणावर आली, तेव्हा ही धावत गेली आणि ड्रायव्हरला लडाखीत असं काही बोलली की परत येणाऱ्या गाडीचे दिवे जमिनीलाच चिकटलेले. मला ती फारच आवडली.

आता थोडा हिशेब. हानले ३३ अक्षांशावर, पुणे साडेअठरावर. त्यामुळे ट्रायफिड पुण्यातून ४८ अंशांपर्यंत चढतो, हानलेहून फार तर ३४. त्यात सप्टेंबरच्या अखेरीला संधिप्रकाश पुरता संपायला साडेसात होतात, आणि तोवर धनू राशी पश्चिमेकडे कललेली असते. हातात जेमतेम तास-सव्वा तास. उलट ध्रुवतारा इथे ३३ अंशांवर, निवांत. पुण्यात तो समोरच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीमागे असतो. इथे ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे लावायला चहा निवेपर्यंतचासुद्धा वेळ लागला नाही.

ट्रायफिडच का? एकाच चौकटीत तिन्ही प्रकार मिळतात म्हणून. मधल्या तप्त ताऱ्यांनी पेटवलेला लाल हायड्रोजन, त्यावर तीन भाग पाडणाऱ्या काळ्या धुळीच्या रेघा, आणि वरच्या अंगाला परावर्तनाने निळी दिसणारी धूळ. शहरातून यातला लाल भाग येतो, निळा जवळजवळ येतच नाही. तीन-तीन मिनिटांच्या फ्रेम लावल्या. शहरात अर्ध्या मिनिटात कॅमेऱ्याचा पडदा आकाशाच्या उजेडाने भरून जातो. इथे तीन मिनिटांनंतरही हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, डाव्या, अंधाराच्या कडेला बसलेला. पहिल्याच फ्रेममध्ये, कसलीही प्रक्रिया न करता, निळा भाग दिसत होता. मी मित्राला हाक मारली, तर तो म्हणाला, "थांब, माझा व्हेल चाललाय."

या व्हेलवरून आमचं वाजलं. हंस तारकासमूहातला व्हेल (देवमासा नव्हे, इंग्रजी 'veil', बुरखा) तेजोमेघ म्हणजे हजारो वर्षांपूर्वी फुटलेल्या ताऱ्याची अजून पसरत असलेली जाळी. हानलेहून तो जवळजवळ खमध्यातून, म्हणजे थेट डोक्यावरून जातो, मान्य. पण तो सगळा हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्याच प्रकाशात चमकतो. फिल्टर लावून पुण्याच्या गच्चीवरून, हिवाळ्याच्या तोंडाशी, तो निघतो. एवढ्या लांब येऊन घरी मिळणारी वस्तू का टिपायची? त्याचं म्हणणं असं, की खमध्यातला व्हेल आणि ही हवा पुन्हा कधी? मला अजूनही पटलेलं नाही. त्याचा फोटो उत्तम आलाय, हा वेगळा मुद्दा.

त्या जाळीतला निळसर हिरवा धागा स्क्रीनवर पाहताना मात्र मला पुण्याचीच आठवण झाली. खगोलशास्त्रज्ञ कावसजी नायगमवालांनी तिथल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये ग्रब कंपनीची वीस इंची दुर्बीण उभारली, ती त्या काळी देशातली सगळ्यात मोठी, आणि १८९१ मध्ये मृगातल्या तेजोमेघाच्या वर्णपटावर निबंध प्रसिद्ध केला. तेजोमेघांच्या वर्णपटातली ती ठळक हिरवी रेषा कोणत्या मूलद्रव्याची हे तेव्हा जगात कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून लोकांनी 'नेब्युलियम' नावाचं नवंच मूलद्रव्य कल्पून टाकलं. तो साधा ऑक्सिजनच, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला आणि प्रयोगशाळेत साधत नाही इतक्या विरळ अवस्थेतला, हे १९२७ मध्ये अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ आयरा बोवेनने दाखवलं. म्हणजे पुण्याच्या आकाशातून ही रेषा आपल्या माणसाने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी पाहिलेली. मी हे सांगितल्यावर मित्र लगेच म्हणाला, "बघ, म्हणजे व्हेल टिपायलाच हवा." असो.

मध्यरात्रीनंतर पारा शून्याखाली गेला. थंडीने बॅटऱ्या भराभर उतरतात, त्या जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवाव्या लागतात. कॅमेऱ्याच्या सेन्सरला मात्र थंडी मानवते: तापमान सहा-सात अंशांनी उतरलं की त्याचा स्वतःचा डार्क करंट, म्हणजे उजेड नसतानाही उमटणारा खोटा सिग्नल, निम्म्यावर येतो. आणि दव नाही! डिसेंबरात वांगणीला भिंगावर जमणारं पाणी पुसून पुसून हात दुखतात, इथे हवेत ओलच नव्हती. वारा तेवढा त्रास देतो. तिपाईला दगडांची पिशवी टांगली.

कृत्तिका पहाटे चारच्या सुमारास हानलेच्या आकाशात ८० अंशांच्या वर असतात. त्यांच्याभोवतीची धूळ ही त्यांच्या जन्माच्या ढगाची उरलेली राख आहे असं पूर्वी मानत. आता असं दिसतं, की हा सुमारे ४४० प्रकाशवर्षांवरचा गुच्छ सध्या एका परक्या ढगातून वाट काढत चालला आहे. पूर्वेला एव्हाना राशिचक्रीय प्रकाशाचा सुळका क्षितिजापासून इतका उंच चढला होता, की मित्राला पहाट झाल्यासारखं वाटून तो आवराआवर करायला लागला. तोही धुळीचाच प्रकार, फक्त आपल्या सूर्यमालेतला. मी फ्रेम चालू ठेवल्या. उजाडताना दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा बनियन ताणून फ्लॅट, म्हणजे फोटोतला कमीजास्त उजेड नंतर सारखा करायला लागणाऱ्या कोऱ्या फ्रेम, घेतले आणि मग झोपलो.

घरी आल्यावर सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फ्रेम एकावर एक रचल्या. फ्रेमची संख्या चौपट केली की गोंगाट तुलनेत निम्मा होतो, म्हणून एकही चांगली फ्रेम टाकवत नाही. ट्रायफिडला शेवटपर्यंत वेळ कमीच पडला. निळा भाग आहे, पण कडेला दाणेदार. कृत्तिकांनी मात्र कसर भरून काढली. निळ्या धाग्यांच्या बाहेर, चौकटीच्या कोपऱ्यापर्यंत, तपकिरी राखाडी धुळीचे पदर निघाले. पार्श्वभूमी कुठेच निखळ काळी नाही. शहरातून काढलेल्या कृत्तिकांच्या माझ्या सगळ्या फोटोंत ती काळीकुट्ट आहे, कारण शहराच्या उजेडाची वजाबाकी करताना ही धूळही जाते.

घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. काकांनी लगेच विचारलं, "ढग होते का रे तिकडे?"

"हो काका, थोडे होते," असं लिहून टाकलं.