रद्द त्यांनी केलं तर?

साताऱ्यातल्या आमच्या ग्राहक मार्गदर्शन केंद्रात शनिवारी येतात त्या बहुतेक तक्रारी मिक्सर, मोबाइल नाहीतर विम्याच्या. त्या शनिवारी आलेल्या ताई निवृत्त परिचारिका होत्या. सासूबाईंच्या पंचाहत्तरीसाठी त्यांनी एका बुकिंग ॲपवरून गणपतीपुळ्याला तीन खोल्या घेतल्या होत्या, दोन रात्रींसाठी, १४,४०० रुपये आगाऊ भरून. निघायच्या आदल्या संध्याकाळी मेसेज आला: हॉटेलकडे खोल्या शिल्लक नाहीत, बुकिंग रद्द. भरलेले पैसे ॲपच्या वॉलेटमध्ये जमा. तीन महिन्यांत वापरले नाहीत तर बुडाले. सुविधा शुल्क तर परत नाहीच. ऐन मे महिना, नऊ माणसं, दोन गाड्या ठरलेल्या. रात्रभर फोनाफोनी करून त्यांनी दुसरीकडे खोल्या मिळवल्या, २३,००० ला.

त्यांच्याच फोनवर मी अटी उघडल्या. ग्राहकाने शेवटच्या ७२ तासांत रद्द केलं तर सगळी रक्कम जप्त, हे वर ठळक अक्षरात. बऱ्याच खाली, बारीक टायपात: हॉटेलने कोणत्याही कारणाने रद्द केल्यास कंपनीची जबाबदारी भरलेल्या रकमेपुरतीच, आणि ती कशी परत करायची ते कंपनी ठरवणार. त्याखाली, वाद झाला तर फक्त कंपनीच्या शहरातल्या न्यायालयात. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

"पण मॅडम, मी 'मान्य' दाबलंय ना," ताई म्हणाल्या. "आता कुठल्या तोंडानं भांडू?"

हे वाक्य ऐकलं की मला फार वाईट वाटतं, कारण चांगली शिकलेली माणसंही इथेच माघार घेतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका बिल्डरच्या प्रकरणात स्पष्ट केलंय की, समोरच्याने तयार केलेल्या करारावर सही करण्यावाचून ग्राहकाला पर्यायच नसेल, तर त्यातल्या एकतर्फी अटी त्याच्यावर बंधनकारक नाहीत. बुकिंगच्या बाबतीत तर नियम आणखी नेमका आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत म्हटलंय की ग्राहकाने रद्द केल्यावर शुल्क कापायचं असेल, तर कंपनीने स्वतःहून रद्द केल्यावर तिनेही तसाच भुर्दंड सोसला पाहिजे. आणि तक्रार तर ग्राहक राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही लागत नाही.

बिल नीट पाहिलं तर खोलीमागे १४९ रुपये 'प्रवास सुरक्षा' म्हणून लावलेले. ताईंनी ते घेतलंच नव्हतं; चौकटीत बरोबरची खूण आधीपासूनच होती. अशी आयती खूण ही संमती धरता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला तिथूनच ईमेल केला. पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. काही दिवसांनी त्यांचा फोन आला तेव्हा ताई केंद्रातच होत्या, स्पीकर लावला.

"मॅडम, आम्ही फक्त मध्यस्थ आहोत. रद्द हॉटेलने केलंय."

ताई शांतपणे म्हणाल्या, "पैसे तुमच्या खात्यात गेले, पावती तुमच्या नावाची. मी रद्द केलं असतं तर पैसे कोण कापणार होतं?"

पलीकडून बराच वेळ उत्तर आलं नाही.

मग मी आयोगात जायची नोटीस पाठवली. मूळ रक्कम, सुविधा शुल्क, ते खोलीमागचे १४९ आणि खोल्यांच्या दरातला फरक, सगळं बँक खात्यात जमा झालं. सोबत सहीसाठी एक कागद होता: यापुढे कुठेही तक्रार करणार नाही. ताईंनी तो सही न करताच परत पाठवला.

इथपर्यंत ताईंचं काम झालं, पण ती अट आजही त्या ॲपवर जशीच्या तशी आहे, आणि मला खरा राग त्याचा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अन्याय्य करार' अशी वेगळी व्याख्या आहे. ग्राहकाला नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणं, वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार मोडणं, हे सारं त्यात येतं. पण ती अटच अन्याय्य ठरवून घ्यायची तर तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य आयोगात जावं लागतं. भरपाईसाठी माणूस गावातल्या आयोगात जाईल; दुसऱ्यांसाठी राज्य आयोगापर्यंत खेटे कोण घालणार? जिल्हा आयोगांना हा अधिकार द्यायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये मात्र एक वाट आहे. अनेक ग्राहकांना बाधणाऱ्या अनुचित प्रथेची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. ताईंना ते सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "सोमवारीच जाऊ." अटींचे स्क्रीनशॉट, बिल आणि त्या सही न केलेल्या कागदाची प्रत जोडून अर्ज दिला. पोच फाइलला लावली आहे. त्याच ॲपने असंच आयत्या वेळी रद्द केलेल्या कुणाकडे कागद असतील, तर केंद्रात आणून द्या, याच अर्जाला जोडायचे आहेत.