दोन काचा, एक पिंप आणि सहा इंची आरसा

दुर्बीण स्वस्तात पडेल या आशेने कुणी ती स्वतः करायला निघालं असेल, तर आधीच सांगते, हिशेब जमत नाही. माझी नोकरीच हिशेबाची, त्यामुळे एवढं तरी ठामपणे बोलू शकते. काच, घासायच्या पावडरी, पिच, मुलामा, छोटा तिरका आरसा, नेत्रिका (डोळा लावायचं भिंग), प्लाय, पाइप, कार्यशाळेची फी आणि रिक्षाभाडं यांची बेरीज तयार दुर्बिणीच्या किमतीपासून फार लांब राहत नाही. आपल्या संध्याकाळी तर त्यात धरलेल्याच नाहीत. नुसता चंद्र बघायचा असेल तर सरळ विकत घ्यावी. मला तिच्यातला प्रकाश गोळा करणारा आरसा करायचा होता.

आमची कार्यशाळा भरायची पुण्यातल्या एका सामाईक वर्कशॉपमध्ये. हल्ली याला मेकरस्पेस म्हणतात. जुनी शेड, आत लेझर कटर, थ्रीडी प्रिंटर, ड्रिल मशीन, जिगसॉ, सोल्डरिंगची टेबलं. महिन्याची वर्गणी भरायची, ज्या यंत्रावर काम करायचं त्याचा वर्ग करायचा, मगच त्याला हात लावायचा. पुणे जिल्ह्याला हा प्रकार नवा नाही. पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला तो हाताने काम करत शिकण्यासाठीच, आणि अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने फॅबलॅबची, म्हणजे अशाच यंत्रांच्या सामाईक कार्यशाळेची, कल्पना बाहेर न्यायला घेतली तेव्हा सुरुवातीच्या लॅबपैकी एक २००२ मध्ये याच पाबळला आली. आकाशाचं म्हणाल तर ज्योतिर्विद्या परिसंस्था पुण्यात १९४४ पासून आहे. तेव्हा या शहरात बाल्कनीत दुर्बीण लावून बसलेला माणूस दिसला तर शेजारी फारसे दचकत नाहीत.

गट छोटा होता. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक काका, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची मुलगी, जुन्नरहून येणाऱ्या एक विज्ञान शिक्षिका, एक बाप-लेक, आणि मी. लेकाला मोबाइल हातात न घेता बसवायचं, हा बापाचा छुपा कार्यक्रम असावा.

पहिला वर्ग आरशाचा नव्हताच, यंत्रांचा होता. मला कंटाळा येईल असं वाटलं होतं, पण लेझर कटरचा भाग चांगलाच लक्षात राहिला. त्या मुलाने घरून पांढऱ्या पीव्हीसीचा पत्रा आणला होता, दुर्बिणीच्या नळीला झाकण करायला. शिकवणाऱ्या सरांनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि परत दिला. "हे आत जाणार नाही. रेक्झिनसुद्धा नाही." पीव्हीसीत क्लोरीन असतो. लेझरने ते जळलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, ती फुप्फुसालाही वाईट आणि यंत्राच्या भिंगाला, लोखंडी पट्ट्यांनाही. अक्रिलिक चालतं, प्लाय चालतो, एमडीएफ चालतं, पण धूर ओढणारा पंखा लावून आणि यंत्रापाशी उभं राहून. कापणं चालू असताना चहाला जायचं नाही, हा तिथला कडक नियम. मुलाने पत्रा गुंडाळला आणि झाकण शेवटी अक्रिलिकचं केलं.

मग पिंप आलं. पाण्याने भरलेलं लोखंडी पिंप, वर फळी, फळीवर तीन ठोकळ्यांत अडकवलेली गोल काच. सहा इंच व्यास, इंचभर जाडी. ही खालची काच म्हणजे टूल. तेवढीच दुसरी काच आपल्या हातात, ती आरसा होणार. दोन्हींच्या मध्ये चिमूटभर ८० नंबरचं कार्बोरंडम, म्हणजे घासायची कडक पावडर, आणि थोडं पाणी. वरची काच पुढे-मागे न्यायची, दर वेळी हातात जराशी फिरवायची, आणि चार-सहा फेऱ्यांनंतर आपण स्वतः पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. बस. सगळी विद्या एवढीच. वरची काच पुढे सरकते तेव्हा तिचा मधला भाग खालच्या काचेच्या कडेवर दाबला जातो, म्हणून वरची मध्ये खोल होत जाते आणि खालची कडेला झिजून फुगीर होते.

पहिल्या घाण्याला आवाज असा की दातांवर शहारे यावेत. पाच-सहा मिनिटांत तो मऊ पडतो, म्हणजे पावडरीचे दाणे फुटले. मग पुसायचं, नवी पावडर, नवं पाणी. आरशाचं नाभी अंतर, म्हणजे दूरचा प्रकाश आरशापासून जिथे एकत्र येतो तिथपर्यंतचं अंतर, ४८ इंच हवं होतं, त्यासाठी मधोमध खोली किती लागते? जेमतेम १.२ मिलिमीटर. एवढीशी काच खरवडायला आमच्या किती संध्याकाळी गेल्या ते मी मोजलं नाही, मुद्दाम. काका मात्र वहीत लिहीत होते.

नाभी अंतर तपासायची पद्धत मला फार आवडली. काच ओली करायची, बाहेर उन्हात न्यायची आणि सूर्याचं प्रतिबिंब भिंतीवर पाडायचं. ठिपका सर्वांत लहान होतो तिथपर्यंत टेपने मोजायचं. शिक्षिकाबाईंनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की हा प्रयोग त्या शाळेत करणार, फक्त सूर्याकडे आणि त्या ठिपक्याकडे थेट बघायचं नाही एवढं पोरांना बजावून.

आता यातली खरी मेख. पिंपाभोवती फिरणारी आम्ही माणसं कधी जोर जास्त लावणार, कधी कमी, कुणाचा उजवा हात भारी, कुणाचा डावा. मग आकार नीट कसा येतो? तर दोन पृष्ठभाग कुठल्याही दिशेने, कसेही फिरवले तरी सगळीकडे एकमेकांना टेकलेले राहतील असा आकार एकच, गोलाचा तुकडा. जिथे उंचवटा असेल तिथेच घर्षण जास्त, म्हणून तोच आधी झिजतो. हात जितका बेशिस्त, तितक्या चुका सगळीकडे वाटल्या जातात. आयुष्यभर टॅली जुळवत आलेल्या बाईला हे पचायला वेळ लागला.

आणि अचूकता कसली! शेजारी लेझर कटर होता, तो अक्रिलिक कापताना स्वतःच एक-दोन दशांश मिलिमीटर जाळून टाकतो. थ्रीडी प्रिंटरचा एकेक थर साधारण ०.२ मिलिमीटरचा. आमच्या आरशाला चूक माफ होती ती हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या एक अष्टमांश, म्हणजे सुमारे ०.०७ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). प्रिंटरच्या थरापेक्षा जवळजवळ तीन हजारपट बारीक. संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी भरलेल्या त्या शेडमधली सर्वांत नेमकी वस्तू एका पिंपावर, दोन काचा आणि ओल्या हातांनी तयार होत होती. इंजिनिअरिंगची मुलगी हे गणित फळ्यावर मांडून गेली आणि बरेच दिवस कुणी ते पुसलं नाही.

८० नंतर १२०, मग २२०, ३२०, आणखी बारीक. नंबर वाढतो तशी पावडर बारीक होते. प्रत्येक नंबर बदलताना स्वच्छता. स्वच्छता म्हणजे बादली वेगळी, फडकं वेगळं, नखं घासून, बाह्या झटकून, जमीन पुसून. ८० चा एक दाणा जरी ३२० मध्ये आला तर काचेवर असा ओरखडा उठतो की दोन नंबर मागे जावं लागतं. "ताई, स्वेटर काढून ठेवा, लोकरीत दाणे अडकतात," सर सांगायचे. बापाने एकदा खिशातला रुमाल पुढे केला तेव्हा लेक त्याच्यावर ओरडला. त्या दिवसापासून कोण कुणाला इथे घेऊन आलंय, हे उलटंच दिसायला लागलं.

घासून झालेली काच दुधी असते. ती पारदर्शक करायला पिच लागतं. काळं, डांबराच्या जातीचं, थंड असताना हातोडीने फुटेल आणि सोडून दिलं तर दिवसाभरात आपोआप पसरेल असं चमत्कारिक द्रव्य. ते मंद आचेवर वितळवायचं, टर्पेंटाइन घालून मऊपणा जुळवायचा, खालच्या काचेवर ओतायचं आणि आरसा ओला करून त्यावर दाबायचा, म्हणजे पिचला आरशाचाच आकार येतो. मग त्यात चौकोनी चर पाडायचे. वरून सीरियम ऑक्साइडचं पाणी. हा गुलाबीसर तांबूस रंग माझ्या दोन ओढण्यांवर अजून आहे.

पिचचा मऊपणा हवेच्या तापमानावर ठरतो, आणि इथे आम्हाला पुण्याचा उन्हाळा भोवला. आमचं वेळापत्रक लांबत लांबत एप्रिलमध्ये गेलं. डिसेंबरसाठी जमवलेलं पिच दुपारी चारला चर बुजवून मोकळं व्हायचं. मऊ पिचमध्ये आरसा रुततो आणि कडेला जास्त घासला जातो. मग आम्ही सकाळी सातला यायला लागलो. काका सर्वांत आधी, थर्मासमध्ये सगळ्यांसाठी चहा घेऊन.

तपासणीची रात्र मात्र विसरणार नाही. लेआँ फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५८ मध्ये सुचवलेली चाचणी आजही तशीच वापरतात. आरसा उभा करायचा, बरोबर आठ फुटांवर, म्हणजे नाभी अंतराच्या दुप्पट लांब, एक बारीक छिद्रामागचा दिवा आणि शेजारी दाढीचं ब्लेड. परत येणारा प्रकाश ब्लेडने हळूहळू कापत डोळा लावून बघायचं. मुलामा नसलेली काच जेमतेम ४ टक्के प्रकाश परत पाठवते, पण चाचणीला तेवढा पुरतो. पृष्ठभाग अचूक गोल असेल तर सगळा आरसा एकदम सारखा राखाडी होतो. नसेल तर त्याच्यावर टेकड्या आणि खड्डे उभे राहतात, तिरप्या उन्हात दिसावेत तसे.

सरांनी मला आरशावर अंगठा दहा सेकंद ठेवायला सांगितला. मग ब्लेडमागून बघितलं तर अंगठ्याच्या जागी चांगला टेंगूळ आलेला. माझ्या अंगच्या उबेने काच तेवढी फुगली होती. बघता बघता टेंगूळ उतरत गेलं. मागे रांगेतल्या प्रत्येकाला स्वतःचा अंगठा लावून बघायचा होता, त्यामुळे त्या रात्री तपासणी कमी आणि अंगठे जास्त झाले.

माझ्या आरशाची कड मात्र पडलेली निघाली, म्हणजे काठाशी पृष्ठभाग खाली वाकलेला. मऊ पिचची देणगी. पिच नव्याने ओतून, थोडं घट्ट ठेवून, आखूड हातांनी पुन्हा पॉलिश केल्यावर ती बरीच सुधारली. उरलेला अगदी काठाचा पट्टा काळ्या कागदाच्या कड्याने झाकला. खरं तर मोठ्या आरशांचं गोल आकाराने भागत नाही, तो अन्वस्त, म्हणजे मध्ये किंचित जास्त खोल, करावा लागतो. पण सहा इंची, ४८ इंच नाभी अंतराच्या आरशाला शुद्ध गोलही कसाबसा चालून जातो. पहिल्यांदा करणाऱ्यांना हेच माप का देतात ते तेव्हा कळलं.

मुलाम्याला आरसे बाहेर पाठवले. निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ करून सुमारे ०.१ मायक्रॉनचा थर बसवतात. तिथे आमचे आरसे इतके दिवस पडून राहिले की काकांनी फोन करण्याचं काम स्वतःकडे घेतलं. जन्म टेलिफोन खात्यात गेलेला माणूस, दाद लागेपर्यंत फोन सोडत नाही.

तोवर आम्ही लाकूडकामाला लागलो. दुर्बिणीचा हा साधा लाकडी तळ जॉन डॉब्सन यांच्या नावाने ओळखला जातो. हे गृहस्थ कॅलिफोर्नियातल्या वेदान्त सोसायटीच्या मठात तेवीस वर्षं संन्यासी होते. तिथे असतानाच त्यांना दुर्बिणी करायचा नाद लागला आणि १९६७ मध्ये मठ सुटला. पुढे ते सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवायचे. रामकृष्ण परंपरेतल्या साधूने जगाला दुर्बिणीचं स्टँड दिलं, हे मी घरी सांगितल्यावर आईला पहिल्यांदा या सगळ्या उद्योगाबद्दल आदर वाटला.

तळ फिरतो तो टेफ्लॉनच्या तुकड्यांवर सनमायका घसरून. चकचकीत सनमायका चालत नाही, खडबडीत हवा, म्हणजे हलक्या धक्क्यानेही झटका न बसता सरकतो. टिंबर मार्केटमध्ये मी एक-एक नमुना बोटाने घासून बघत होते. दुकानदाराने विचारलं, "किचनसाठी का?" मी हो म्हटलं. १८ मिलिमीटरचा प्लाय जिगसॉने कापला, आणि गोल चकत्यांचा साचा लेझरवर काढून घेतला. नळीसाठी पीव्हीसीचा पाइप घेतला आणि तो हाताच्या करवतीने कापला, कारण वर सांगितलंच आहे.

जुळवणीत फारसं सांगण्यासारखं नाही. दोन आरसे एका रेषेत आणायला मागचे तीन स्क्रू फिरवत बसावं लागतं. २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेने सुमारे ४८ पट दिसतं. गुरूचे पट्टे आणि चार चंद्र गच्चीवरूनही छान, मृगातला तेजोमेघ बघायला मात्र शहराबाहेर जावंच लागतं. मुलाने चंद्र बघितला आणि बापाला बराच वेळ नेत्रिकेला डोळा लावू दिला नाही.

जायचं ठरवलंत तर दोन गोष्टी आधी विचारून घ्या. फूकोची चाचणी तिथेच होते का, की आरसा अंदाजाने "झाला" म्हणून सांगतात? आणि पिच कुठल्या महिन्यात ओतणार? उत्तर मार्चनंतरचं असेल तर पुढची तुकडी धरा. पावसाळ्यात दुर्बीण कपाटात ठेवताना आरशाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. मुलामा काही वर्षांनी पुन्हा चढवावा लागतोच, तेव्हा पाठवण्याआधी आरशाच्या मागच्या बाजूला काचेवर लिहिणाऱ्या पेनने खूण करून ठेवा. आमच्या वेळी काकांचा आणि माझा आरसा अदलाबदल होऊन आला होता, आणि दोन्ही दिसायला सारखेच.