एकाच शब्दाची खुर्ची आणि टेबल

क्रोएशियातील झाग्रेबमधील वाढपी ज्या टेबलाला 'स्तोल' म्हणत होता, तोच शब्द शेजारच्या स्लोव्हेनियातील ल्युब्ल्यानातील घरमालकीणबाईंनी मला बसायला खुर्ची पुढे करताना उच्चारला. त्यांच्या स्लोव्हेन भाषेत टेबल म्हणजे 'मिझा', आणि तो शब्द लॅटिनमधून आलेला. शेजारशेजारच्या दोन भाषांनी एक शब्द असा वाटून घ्यावा, याने मी इतका भारावलो की ब्लेड गावचे प्रसिद्ध सरोवर गर्दीतून घाईघाईने उरकले आणि सीमा ओलांडून ऑस्ट्रियातील क्लागेनफुर्ट गाठले.

शहराच्या उत्तरेस त्सोलफेल्डच्या मैदानात 'व्होयव्होड्स्की स्तोल', म्हणजे कारिंथिया या प्रांताच्या ड्यूकचे दगडी आसन आहे. जवळच्या विरुनुम या रोमन नगराच्या अवशेषांतील दगड वापरून ते रचले असून, पाठीला पाठ लावलेल्या दोन बैठकींपैकी पूर्वाभिमुख बैठकीवरून ड्यूक जहागिरी देत असे. आज त्याच्याभोवती लोखंडी कुंपण आहे आणि शेजारच्या रस्त्यावरून मोटारी न थांबता धावतात, याचा मला मनापासून राग आला. राज्य जेथे बसत होते, तेथे निवांत बसून पाहण्याची सोय असायला हवी.

त्या आसनासमोर उभे राहिल्यावर मात्र शब्दाचा प्रवास स्पष्ट दिसू लागला. जुन्या कीव्हमध्येही 'स्तोल' म्हणजे राजाचे सिंहासन. त्यावरूनच रशियन भाषेत राजधानीला 'स्तोलित्सा' म्हणतात, जरी साधा 'स्तोल' तेथे टेबलच आहे आणि खुर्चीसाठीचा 'स्तूल' जर्मन वळणाचा आहे. काही भाषाशास्त्रज्ञ या शब्दाचे मूळ 'पसरणे' या अर्थाच्या स्लाव्ह क्रियापदात शोधतात, तर काही 'उभे राहणे' या धातूत, जो संस्कृतात 'स्था' म्हणून आहे. लिथुआनियनमध्ये 'स्तालास' म्हणजे टेबल, तर गॉथिक या प्राचीन जर्मानिक भाषेत 'स्तोल्स' म्हणजे सिंहासन, हे पाहता मला दुसरे मत अधिक पटते, आणि आपले 'ठाण मांडून बसणे' त्याच धातूचे आहे याचा आनंदही होतो.

वाचकांनी येथे जावे, पण आधी क्लागेनफुर्टच्या लांडहाउसमधील, म्हणजे प्रांतिक विधानभवनातील, राजशिळा पाहावी. उलट्या ठेवलेल्या रोमन स्तंभाच्या पायथ्याच्या त्या शिळेवर बसलेला शेतकरी नव्या ड्यूकला स्लोव्हेन भाषेत प्रश्न विचारी; हा विधी शेवटचा 1414 मध्ये झाला. शिळेपासून चर्चमध्ये आणि तेथून त्सोलफेल्डच्या आसनाकडे, हाच त्या विधीचा मूळ क्रम होता.