अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि डोक्याचा आकार

माझा मुलगा 30 व्या आठवड्यात जन्मला. एनआयसीयूमधून (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून) तो घरी आला तेव्हा त्याचे डोके समोरून अरुंद आणि बाजूने लांबट दिसत होते. अशा बाळांची कवटी फार मऊ असते आणि मान स्वतः वळवण्याइतकी ताकद नसते, त्यामुळे गादीचा दाब एकाच जागी पडत राहतो, असे डॉक्टरांनी समजावले होते. त्यामुळे त्याची धास्ती वाटली नाही. पुढे मागची उजवी बाजू चपटी होऊ लागली, तेव्हा मात्र मी नीट तपासणी करून घ्यायचीच असे ठरवले.

डॉक्टरांनी बाळाला मांडीवर बसवून डोके वरून न्याहाळले. उजवा कान डाव्यापेक्षा पुढे सरकलेला होता, त्याच बाजूचे कपाळही किंचित पुढे आले होते आणि कवटीच्या सांध्यांवरून बोट फिरवताना कुठेही कडक उंचवटा लागत नव्हता. सांधे अकाली जुळले असते तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागला असता. येथे दोष केवळ दाबाचा होता. मानेचा डावा स्नायू आखडल्यामुळे तो सतत उजवीकडेच पाहत असे, म्हणून फिजिओथेरपी सुरू झाली.

घरी सासूबाईंनी मोहरीची उशी शिवून ठेवली होती आणि मालिशवाल्या मावशी डोके दाबून गोल करून द्यायला तयार होत्या. दोन्ही गोष्टींना नम्रपणे नकार देणे हा माझ्या मते सर्वांत अवघड उपचार ठरला. उशीने श्वास कोंडण्याचा धोका असतो. डोक्याला आकार देणाऱ्या उशांबद्दल अमेरिकेच्या एफडीएनेही (अन्न व औषध प्रशासनानेही) 2022 मध्ये इशारा दिला आहे. झोपवायचे पाठीवरच, मात्र खिडकी आणि आमचे चेहरे डावीकडे येतील असा पाळणा फिरवला, आणि जागेपणी त्याला माझ्या छातीवर पालथे घेऊ लागले.

डोक्याचा आकार सुधारण्यासाठी बाळांना घालतात त्या हेल्मेटविषयीही विचारले. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील चाचणीत 84 बाळांमध्ये हेल्मेट घातलेल्या व न घातलेल्या गटांत लक्षणीय फरक आढळला नव्हता, पण त्यात इतक्या लवकर जन्मलेली बाळे नव्हती. म्हणून सुधारित वयानुसार, म्हणजे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजलेल्या वयानुसार, वाट पाहायचे ठरले. तो मान धरू लागल्यावर चपटेपणा बराच भरून आला. कान अजून थोडा पुढे आहे, आणि पुढच्या भेटीत डोक्याची मापे पुन्हा घेतली जातील.